कोरडा दिवस

साडेसहाला मागचं दार लावायचं, हा शालनचा नियम.
मी तो रोज थोडा मोडतो,
कारण कोपरखैरण्यात सिडकोने आम्हाला दिलेलं अंगण
साडेआठ बाय बारा फूट,
आणि मे महिन्यात तिथे बसण्यासारखी
तेवढीच एक वेळ असते.
ती डासांनाही ठाऊक आहे.

खाडीकडून येतात, असं मी धरून चाललो होतो.
नाल्यापलीकडे कांदळवन,
तिथून पाळी सुटल्यासारखे टोळीने येतात
आणि घोट्याला चावतात,
नेमके मोज्याच्या रबराचा वळ उरलाय तिथे.

एकतीस वर्षं रबाळ्याला
कीटकनाशकाची पिंपं भरली मी.
त्यात नाक गेलं. जागेवर आहे, कामातून गेलं.
कॉइल पेटलीय की विझलीय
ते लाल ठिपका पाहून ठरवतो.
शालन म्हणते, केवढा धूर झालाय.
मी म्हणतो, असेल.

कडुलिंबाचा पाला जाळला,
तर सदाफुल्यांचे वाळत घातलेले कपडे धुरकटले,
ते चार दिवस बोलले नाहीत.
लिंबात लवंगा खोचल्या,
सकाळी एका लवंगेवर डास बसला होता, आरामात.
सिग्नलवर घेतलेली रॅकेट फिरवली.
चट् की एक. चट् की दुसरा.
एकोणचाळीसला चार्जिंग संपलं.
चाळिसावा कानाशी येऊन काय म्हणाला
ते इथे सांगत नाही.

मग संशय सदाफुल्यांवर.
त्यांच्या भिंतीला स्कूटरचा टायर टेकलेला,
त्यात पुदिना.
मी महापालिकेत तक्रार केली, नाव न सांगता.
म्हणजे सांगितलं. सांगावंच लागतं.

गुरुवारी घरत बाई आल्या,
खांद्याला पिशवी, भर उन्हात हातात टॉर्च.
टायरच्या पोटात हात घातला.
खाली भोकं पाडलेली, थेंब नाही.
सदाफुले काही म्हणाले नाहीत,
नुसता चष्मा पुसत उभे राहिले.

"आलेच आहे तर तुमचंबी बघते."
पिंप: झाकलेलं. कुंडीखालची बशी: कोरडी.
मी छाती काढून मागे मागे.
कढीपत्त्याच्या बुंध्याशी मातीचं पसरट भांडं,
शालन चैत्रापासून पाखरांसाठी भरून ठेवते.
बाई उकिडव्या बसल्या. टॉर्च आत धरला.
"या, बघा."

गुडघे धरून वाकलो.
पाण्यात स्वल्पविराम.
शेकडो, उलटे लटकलेले,
शेपटीने श्वास घेणारे,
माझी सावली पडताच
गिरक्या घेत तळाला जाणारे
आणि दम टिकेना तसे पुन्हा वर.

शालन दारात होती.
"अहो, मी रोज भरत होते."
"भरत होता, बाय," घरत बाई म्हणाल्या,
"वतत नव्हता."

भिंतीवर खडूने तारीख लिहिली,
आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणाल्या.
मी म्हटलं, पाळतो की, दोन ऑक्टोबरला.
त्या हसल्या नाहीत.
पाचशे घरं असतात त्यांना,
दोनशे जणांनी हेच म्हटलेलं असणार.

भांडं मीच ओतलं.
तापल्या फरशीवर ते स्वल्पविराम
थोडा वेळ वळवळले,
पुढचं वाक्य कुठे गेलं ते शोधत,
मग फरशीच कोरडी झाली.

पाखरांचं काय, शालनने विचारलं.
तेव्हापासून रोज सकाळी मी भांडं घासतो,
नारळाच्या शेंडीने, तळ, मग कड.
बुलबुल भिंतीवर बसून घाई करतो.

डास आहेतच. नाला आहे, खाडी आहे.
कमी झालेत, असं शालन म्हणते;
मला तसं वाटत नाही.

काल सदाफुल्यांनी भिंतीवरून पुदिना दिला,
मुळांना माती तशीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"वास बघा," म्हणाले.
मी नाकाशी धरला, पुरेसा वेळ.
"छान आहे," म्हटलं.

साडेसहा वाजून गेले होते.
घोट्यावर काहीतरी बसलं.
दोन्ही हातांत पुदिना होता,
म्हणून चावू दिलं.